झुरळ काय खाते?

खरकटे झाकून ठेवले की झुरळ उपाशी मरेल, असा आपला समज असतो. परंतु साबण, गळलेले केस, पुस्तकाच्या बांधणीतील खळ, प्रसंगी मेलेले झुरळसुद्धा त्याला चालते. विद्यार्थ्यांनो, तुमची जुनी पुस्तके सांभाळा! त्याच्या शरीरातील ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू टाकाऊ युरिक आम्लातला नत्र पुन्हा उपयोगी आणतात, म्हणून निकस अन्नावरही ते तग धरते. विषारी आमिषाचे म्हणाल, तर काही जर्मन झुरळांना त्यातील ग्लुकोज कडू लागते, हे २०१३ साली दाखवून दिले गेले. पाणी मात्र हवेच. स्वयंपाकघरातले हे लहान झुरळ अन्नपाण्यावाचून सुमारे दोन आठवड्यांत मरते. तेव्हा रात्री मोरी पुसून कोरडी ठेवावी, गळका नळ दुरुस्त करावा. अन्नही झाकावेच; कारण गटारातून आलेले पाय भातावर फिरले की जुलाबाचे जंतू पोटात जातात.