रिपोर्ट नॉर्मल, जीव मात्र घाबरा!

ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, बीपी थोडं वर, पण 'चालायचंच'. डॉक्टर म्हणतात, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका.' आणि रात्री दोन वाजता तुम्ही पुन्हा छातीवर हात ठेवून बसलेले! यवतमाळसारख्या जिल्ह्यात अँग्झायटीसाठी डॉक्टर गाठायचा आणि त्याने आपलं म्हणणं मनावर घ्यायचं, तर काय करावं लागतं?

मार्च एंडिंग. टार्गेटचा आकडा समोर, साहेबांचा फोन दर तासाला. अचानक छातीत धडधड सुरू होते, हाताला घाम फुटतो, श्वास पुरत नाही. पहिला विचार एकच... हार्ट अ‍ॅटॅक! धावतपळत दवाखाना गाठायचा. तिथे ईसीजी निघतो, तो सरळ येतो. अ‍ॅसिडिटीची एक गोळी, झोपेची एक गोळी, विषय कट! आठ दिवसांनी पुन्हा तेच.

वऱ्हाडाला ही तक्रार काही नवी नाही. 'मले घाबरल्यासारखं होते', 'जीव कसातरीच करते' ही वाक्यं इथे घरोघरी ऐकू येतात. त्यावरचे उपायही ठरलेले. लिंबू-साखरेचं पाणी घ्या, एखादी सलाइन लावून घ्या, देवाला जाऊन या. वर मामाचा डायलॉग असतोच, 'तुले काय कमी हाय बाबू? नोकरी हाय, पगार हाय!'

हा डायलॉग यवतमाळात जरा जास्तच लागतो. त्याला कारण आहे.

दुःखाची रांग
महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ला कुटुंबासह जीवन संपवलं. आजही दर वर्षी त्या दिवशी त्यांच्या आठवणीत अन्नत्याग केला जातो. पुढे २००६मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात यवतमाळ होतंच. या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याचा विषय सरकारी कागदावर आला, तो मरणाच्या वाटेने. मग बँकेत, शाळेत किंवा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या पोराने 'मला भीती वाटते' म्हटलं, की ते चोचले वाटतात. समोरच्यालाच नाही, त्याला स्वतःलाही!

पण दुखण्याची अशी रांग लावता येत नाही. शेजाऱ्याचा पाय मोडलाय म्हणून तुमचा ताप उतरत नाही. आणि आजार हाताबाहेर गेला तरच दारात यायचं, असा नियम कुठल्याच दवाखान्याचा नाही.

शेतकऱ्यांसाठी जे उभं राहिलं, त्यातूनही हेच दिसतं. राज्य सरकारने २०१५मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात यवतमाळ होतं. कल्पना साधी होती. आशाताईंनी घरी जाऊन चार प्रश्न विचारायचे आणि त्रास किती आहे ते बघून माणसाला पुढे पाठवायचं. म्हणजे लवकर विचारा, लवकर पाठवा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पाने ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. डिप्रेशन असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचार घ्यायचे. १८ महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला! हा अभ्यास २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. सांगायचा मुद्दा काय, तर कुणी नीट विचारलं की लोक बोलतात, आणि बोलले की दवाखान्यातही जातात. तुम्हाला विचारायला ऑफिसात कुणी येणार नाही. तेव्हा आपणच आपली आशाताई व्हायचं!

धडधड खरी असते
सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू. अँग्झायटीतली धडधड हा 'वहीम' नाही. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, पोटात गोळा येतो. वाघ समोर आला तर हे उपयोगाचं. टिपेश्वरच्या जंगलात ठीक आहे, पण साहेबांच्या ई-मेलसाठी रोज हाच भोंगा वाजायला लागला तर काय? भोंगा खोटा नसतो, तो फक्त चुकीच्या वेळी वाजतो. पॅनिक अ‍ॅटॅकमध्ये तो काही मिनिटांत टिपेला पोचतो आणि मग हळूहळू उतरतो.

तरी पहिल्यांदा छातीत दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर आली, तर 'अँग्झायटीच असेल' म्हणून घरी बसायचं नाही. १०८ला फोन करा. आधी हृदय तपासा, मग मन. शिवाय थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरीही धडधड होते. म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी मागून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे 'काहीच नाही' असं होत नाही. ही दोन-तीन कारणं नाहीत, एवढंच त्यातून कळतं. खरं निदान तिथून पुढे सुरू होतं.

दोन मिनिटांत काय सांगाल?
ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मोजकी मिनिटं. त्यात आपण सांगतो काय, तर 'अशक्तपणा वाटतो'. मग टॉनिकच मिळणार ना! त्यापेक्षा घरूनच एक चिठ्ठी लिहून न्या. हा फंडा साधा आहे, पण कामी येतो.

• त्रास कधीपासून आहे? आठवड्यातून किती वेळा? एका वेळी किती मिनिटं?
• त्यामुळे काय बंद पडलं? 'तीन दिवस ऑफिसला गेलो नाही', 'एसटीत बसायची भीती वाटते', 'रात्री चार तासच झोप', असं नेमकं सांगा.
• चहा-कॉफी किती? सिगारेट, खर्रा, दारू? लाजू नका, या सगळ्याने धडधड वाढू शकते.
• आधी कुठल्या गोळ्या घेतल्या? जुना केसपेपर आणि रिपोर्ट सोबत ठेवा.
• जगणंच नको, असे विचार येतात का? येत असतील तर हे सगळ्यात आधी सांगा.

जमलं तर 'जीएडी-७' नावाची प्रश्नावली भरून न्या. २००६मध्ये आलेली ही सात प्रश्नांची यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं, एवढंच ती विचारते. एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी नीट बघायला हवं. हे निदान नव्हे, पण 'खूप टेन्शन आहे'पेक्षा 'माझे १४ गुण आले' हे वाक्य टेबलापलीकडे जास्त ऐकलं जातं.

तरीही 'टेन्शन घेऊ नका' असंच उत्तर आलं तर? शांतपणे एक वाक्य म्हणा, 'डॉक्टर, मला मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर करून द्या.' यात डॉक्टरांचा अपमान नाही. हाडाचं दुखणं हाडाच्या डॉक्टरकडे पाठवतातच की!

जायचं कुठे?
यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. सरकारी दवाखान्यांत या विभागाच्या दारावर बऱ्याचदा 'मनोविकृतीशास्त्र' अशी पाटी असते. ती वाचूनच अर्धे लोक परत फिरत असतील! पाटीकडे बघू नका, आत जा. वणीकरांना चंद्रपूर आणि उमरखेडकरांना नांदेड जवळ पडतं. जिल्ह्याची हद्द पाळायची काही सक्ती नाही.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. अँग्झायटीत विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सीबीटी ही थेरपी चांगली लागू पडते. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून बंद करू नका. आणि मित्राने दिलेली अल्प्राझोलाम? नकोच. तिची सवय लागते, म्हणून ती शेड्यूल एच-१मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मेडिकलवाल्याला तिची नोंद ठेवावी लागते.

दवाखाना लांब असेल किंवा पाय उचलत नसेल, तर १४४१६. ही केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

लोक काय म्हणतील?
छोट्या गावाची खरी अडचण ही. ओपीडीच्या बाकावर नेमके बाबांचे मित्र भेटायचे! बाकाचं काही करता येत नाही, पण केबिनचं करता येतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्यात तुमचा हक्क आहे. कायद्याने सांगितलेले अपवाद सोडले तर ती साहेबांनाही नाही आणि मामांनाही नाही. याच कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच नियमाने कव्हर द्यायचं आहे. बऱ्याच पॉलिसी फक्त अ‍ॅडमिट झाल्यावर पैसे देतात, तेव्हा आपल्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, ते एचआरला विचारून घ्या. कारण सांगायची गरज नाही.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नाहीत. त्या सर्वेक्षणात १२ राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपली धडधड त्या आकड्यांत मोजलीच गेलेली नाही. ती निदान केसपेपरवर तरी येऊ द्या. सोमवारी सकाळी अर्धी सुटी टाका, खिडकीवर नंबर लावा, आणि काय होतंय विचारलं की 'अशक्तपणा' सांगू नका. सांगा, 'जीव घाबरतो. दोन महिने झाले. याचं काहीतरी करायचंय.'