तीन वर्षांची मुदत, शंभराचे ८७५

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय मागितलं असेल? कागद! आमची कर्जखतं बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. त्या कागदांची होळी झाली. धान्याची लूट झाली, काही घरंही पेटली. पण लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचलं, तिसाहून अधिक गावं उठली, तेव्हाही मागणी तीच राहिली. सावकाराने मुकाट्याने खतं दिली, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

नांगरामागे आयुष्य गेलेला, अक्षरओळख नसलेला माणूस नेमका कागदावरच का उठतो? माझं मत स्पष्ट आहे: आपलं दुखणं कुठे आहे, हे त्याला सरकारपेक्षा आधी कळलं होतं.

त्या कागदाला एवढी ताकद आली कुठून, ते पाहू. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी पाहणी सुरू केली. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, तीस वर्षांसाठी शेतसारा बांधून द्यायचा आणि जमीन शेतकऱ्याच्या खात्यावर लावायची. हेतू चांगलाच होता. पण जमीन एकट्याच्या नावावर चढली, की ती गहाण टाकता येते आणि लिलावातही जाते! पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाची मर्जी राखावी लागे. आता त्याच्या हाती तारण आलं आणि पाठीशी न्यायालय आलं.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून व्याजावर मर्यादा होती, वर्षाला शेकडा बारा. १८५५ मध्ये ती उठली. आणि १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या खतावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचा, नाहीतर तो बुडाला. वर्षानुवर्षं जुने कागद दाखवून सावकाराने कुळाला, म्हणजे कर्जदाराला, छळू नये, म्हणून केलेली ही सोय. ऋणकोच्या भल्याची!

आता पुढचं नीट बघा, कारण या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत थक्क करणारं वळण इथे आहे. तीन वर्षं संपत आली, की सावकार कुळाला बोलावून घेई. दावा बुडू द्यायचा नसेल, तर दोनच वाटा होत्या: कोर्टात जाणं किंवा नवं खत लिहून घेणं. कोर्टाचं नाव काढल्यावर कुळ नव्या खताला तयार होई. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, दोन्हींची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिली जाई. खाली शेतकऱ्याची सही म्हणून नांगराची छोटीशी आकृती काढलेली असे आणि शेजारी शब्द असत, ‘निशाणी नांगर’. वर काय लिहिलंय, ते त्याला कुणी वाचून दाखवेल तेवढंच ठाऊक.

कालचं दही उद्याचं विरजण व्हावं, तसं कालचं व्याज आजचं मुद्दल झालं.

हिशेबच करून पाहू. समजा, शंभर रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४. मधे काहीच फेडता आलं नाही. सरळ व्याजाने बारा वर्षांनी ३८८ रुपये होतात. तेच खत दर तीन वर्षांनी बदलत गेलं तर? १७२, मग २९६, मग ५०९, आणि बाराव्या वर्षी ८७५!

आपल्याकडे याला एक जुना लगाम होता, दामदुप्पट. एका वेळी मागता येणारं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. हा नियम कुणी रद्द केला नव्हता. पण खत नवं झालं की मुद्दलच नवं होई आणि नियमाला पकडायला काही उरत नसे. कुळाच्या रक्षणासाठी ठरवलेली मुदत दर तीन वर्षांनी तो लगाम सोडवत होती.

यात भर पडली सातासमुद्रापलीकडून. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीनचतुर्थांश तिथून येत होता. तो अडला, गिरण्या इथल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. गावोगावच्या सावकारांपर्यंत उचल पोचली आणि शेतकरी मागेल तितकं कर्ज मिळू लागलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली, पुन्हा इंदापूरपासूनच, आणि सारा भरमसाट वाढला. सरकार हप्ता मागतंय, सावकार नवी उचल देत नाही, आणि जुनं खत मात्र फुगतंय!

म्हणून सुप्याचा बाजार मला विलक्षण वाटतो. अमेरिकेतली लढाई, लंडनचं धोरण, कलकत्त्यात झालेले कायदे, हे सगळं ज्या एका ठिकाणी शेतकऱ्याच्या हाताला लागत होतं, ते ठिकाण म्हणजे त्याचं खत.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने आता खतावरच्या आकड्यावर थांबायचं नव्हतं. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, मुद्दल आणि व्याजाचे हिशेब वेगळे मांडायचे, व्याजावर व्याज धरायचं नाही. व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली, तर मुद्दलाच्या दुपटीवर थांबायचं. दामदुप्पट परतली, तीही इंग्रजांच्या कायद्याच्या पुस्तकातून! दावा लावायची मुदतही वाढली.

सावकार स्वस्थ बसले नाहीत. गहाणखतावर न्यायाधीशाची नजर आली, तेव्हा पुष्कळांनी जमिनीचं थेट खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. मग कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली: कागदावर विक्री लिहिलेली असली, तरी तोंडी पुरावा घेऊन खरा व्यवहार गहाणाचा होता का, हे न्यायालयाने तपासावं.