नऊ अमिनो आम्लांचा तुकडा

एकाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. दुसऱ्याला मायलोमा, अस्थिमज्जेचा. अमेरिकेतल्या एका चाचणीत दोघांच्याही रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांचे रिसेप्टर बदलून त्या पुन्हा शिरेवाटे सोडण्यात आल्या. काही दिवसांतच दोघांची हृदये रक्त पुढे ढकलेनाशी झाली आणि दोघेही दगावले. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूंत टी-पेशी घुसलेल्या दिसल्या. ज्या प्रथिनाच्या मागावर त्यांना धाडले होते, ते मेज-ए३ मात्र हृदयात सापडलेच नाही.

मग त्या तिथे गेल्या कशाला?

पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडते, बाजार समितीत पोत्यातला मूठभर माल वर काढून दाखवावा तसे. टी-पेशीचा रिसेप्टर तो तुकडा आणि एचएलए असे दोन्ही एकदम तपासतो. त्यामुळे पेशीच्या आत दडलेली कर्करोगाची खूणही त्याला कळते. याउलट कार-टी या दुसऱ्या टी-पेशी उपचारातला कृत्रिम रिसेप्टर सहसा पेशीच्या बाहेर आलेले प्रथिनच ओळखतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या चमूने मेलानोमाच्या १७ रुग्णांना एचएलएवरचा तुकडा ओळखणारे रिसेप्टर बसवलेल्या टी-पेशी दिल्या; हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांच्या गाठी ओसरल्या. आकडा लहान होता, पण वाट खरी असल्याचे त्याने दाखवले.

अडचण पकडीची होती. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट धरणाऱ्या टी-पेशी थायमस ग्रंथीतच बाद होतात. मेज-ए३ हेही शरीराचेच प्रथिन, म्हणून त्याला ओळखणारे नैसर्गिक रिसेप्टर दुबळे असतात. संशोधकांनी रिसेप्टरातली काही अमिनो आम्ले बदलून ही पकड वाढवली. हा सुधारलेला रिसेप्टर थायमसच्या चाळणीतून कधी गेलाच नव्हता, आणि घात तिथेच झाला.

कोडे उलगडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मेज-ए३चा तो तुकडा नऊ अमिनो आम्लांचा. स्नायूंना लवचिकपणा देणाऱ्या टायटिन या अवाढव्य प्रथिनातही नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे, आणि दोहोंतली पाच अमिनो आम्ले त्याच जागी तीच आहेत. चाचणीआधीच्या तपासण्यांत याचा सुगावा लागला नव्हता. मूळपेशींपासून घडवलेल्या, ताटलीत खरोखर धडधडणाऱ्या हृदयपेशींसमोर या टी-पेशी ठेवल्या, तेव्हा त्यांनी त्या हृदयपेशी मारल्या. या उपचारात टी-पेशीला मारायला शिकवावे लागत नाही, ते तिला येतेच. कोणाला सोडायचे, हे शिकवणे महाकठीण.

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. केआरएएस जनुकातला एक बदल फक्त गाठीतच असतो, निरोगी पेशीत नसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या टी-पेशींत हा बदल ओळखणारे रिसेप्टर आधीच मिळाले होते. ते स्वादुपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेल्या एका महिलेच्या टी-पेशींत बसवले आणि अशा १६ अब्जांहून अधिक पेशी तिला एकाच वेळी दिल्या. सहा महिन्यांनी गाठी ७२ टक्क्यांनी आकसल्या होत्या. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका रुग्णाला मात्र या उपचाराचा उपयोग झाला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अफामी-सेल या उपचाराला मान्यता दिली. सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी आलेला हा टी-पेशी रिसेप्टरवर आधारलेला पहिला मान्यताप्राप्त पेशी-उपचार. चाचणीतल्या ४४ रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. यातही पकड वाढवलेलीच आहे, पण मानवी पेशींवर आणि मिळत्याजुळत्या तुकड्यांवर रिसेप्टरची कसून पारख करूनच तो रुग्णांना दिला गेला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक प्रश्न पडायला हवा: हा उपचार इथल्या रुग्णांना लागू पडेल का? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो कार-टी उपचार असल्याने रुग्णाचा एचएलए कोणता, याने त्याला फरक पडत नाही. रिसेप्टर-उपचाराला पडतो. अफामी-सेल देण्याआधी एचएलए-ए०२चे ठरावीक उपप्रकार तपासले जातात. भारतीयांत बऱ्यापैकी आढळणारा ०२:११ हा उपप्रकार त्या यादीत नाही. तो असलेल्या रुग्णांसाठी रिसेप्टर शोधायचे, तर इथल्याच रुग्णांच्या टी-पेशींत शोध घ्यावा लागेल. पोर्टलंडचा रिसेप्टरही असाच एका रुग्णाच्या पेशींतून मिळाला होता.