तळघरातला गंधार

न्यू जर्सी राज्यातील एडिसन या नगराची महाराष्ट्रीय मंडळींस ओळख आहे ती बहुधा ओक ट्री रोडवरील वाणसामानाच्या आणि मिठाईच्या दुकानांमुळे. परंतु ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ज्याला थोडाबहुत रस आहे त्याला हेही ठाऊक असते की, या नगरातीलच मेन्लो पार्क या भागात थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती, तेथेच १८७७ साली मनुष्याचा आवाज प्रथम यंत्रात साठवून पुन्हा ऐकविला गेला, आणि पुढे १९५४ साली रॅरिटन टाउनशिप हे आपले मूळचे नाव टाकून गावाने त्या संशोधकाचे नाव धारण केले. येथून थोड्याच अंतरावर मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मास आला. आणि राज्याच्या उत्तर टोकास, हडसन नदीच्या कड्यावर, आल्पाइन येथे एडविन आर्मस्ट्राँगने एफ.एम. प्रक्षेपणासाठी उभारलेला मनोरा अद्याप उभा आहे. तबकडीचा आवाज, ट्रान्झिस्टर आणि एफ.एम. ही तिन्ही ज्या एका पेटीत नांदतात तिला रिसीव्हर म्हणतात, आणि तसला एक जुना रिसीव्हर सुधारण्याचे काम मी ज्या तळघरात बसून पाहिले ते याच मुलुखात आहे.

तळघराचे मालक आमचे स्नेही नाना. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.ची पदवी घेऊन ते १९७० च्या दशकाच्या प्रारंभी इकडे आले, आणि पहिल्या काही पगारांतून जी चैन त्यांनी केली ती म्हणजे मॅरँट्झ कंपनीचा २२७० या क्रमांकाचा रिसीव्हर. सॉल मॅरँट्झ या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्वतःच्या हौसेपोटी आरंभिलेला हा धंदा १९६४ साली सुपरस्कोप कंपनीकडे गेला आणि पुढे त्याचा माल जपानात बनू लागला. सोनेरी छटेचे ॲल्युमिनियमचे दर्शनी पान, स्टेशन लावण्यासाठी बोटाने फिरविण्याचे आडवे चक्र, आणि अंधारात निळसर उजळणारी स्टेशनांची पट्टी असा या यंत्राचा थाट. अलीकडे मात्र त्याचा डावा आवाज मध्येच क्षीण होई, आवाजाचे बटन फिरविताच खरखर उठे, आणि गाणे थांबले की मागे एक बारीक घुमारा शिल्लक राही. मुलांचा आग्रह असा की, ही अडगळ काढून अधिक वॅटचा नवा रिसीव्हर घ्यावा, म्हणजे आवाज सुधारेल.

‘‘नवा घ्यायला माझी ना नाही,’’ नाना म्हणाले, ‘‘पण काय बिघडलंय हे कळल्याशिवाय सुधारायचं काय?’’

या वॅटच्या प्रकरणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दुकानात रिसीव्हर विकला जातो तो मुख्यत्वे याच एका आकड्यावर. १९६० च्या दशकात कंपन्या क्षणमात्र टिकणाऱ्या कमाल शक्तीचा आकडा फुगवून जाहिरातीत छापीत; तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली एक नियम जारी करून सर्व उत्पादकांस ताकीद दिली की, वॅटचा आकडा छापावयाचा तर तो अखंड शक्तीचा असावा आणि किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत, किती विकृतीसह, हा तपशील त्यासोबत द्यावा. या नियमाची दुरुस्ती २०२४ साली होऊन मोजणीच्या अटी अधिक नेमक्या झाल्या. सरकारी हुकमाने जाहिरातीतला आकडा सरळ होतो, परंतु मनुष्याचा कान त्या आकड्याबरहुकूम चालत नाही ही खरी अडचण आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्यास जाणवेल इतपतच. आवाज दुप्पट मोठा भासावा अशी इच्छा असेल तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. नानांच्या सत्तर वॅटच्या जागी शंभर वॅटचे यंत्र आणले असते तर मुलांच्या पदरी दीड डेसिबल पडले असते. शिवाय बैठकीच्या खोलीत ख्याल ऐकताना यंत्राकडून बहुतेक वेळ एक वॅटच्या आसपासच काम घेतले जाते. तेव्हा तो पहिला वॅट किती निर्मळ आहे, हा प्रश्न सत्तराव्या वॅटहून पुष्कळच महत्त्वाचा ठरतो.

कामाचा आरंभ झाला तो दफ्तरी पद्धतीने. लाकडी खोका उतरविल्यावर नानांनी आतील प्रत्येक फळीची छायाचित्रे घेतली, आणि एका वहीत प्रत्येक कॅपॅसिटरची जागा, क्षमता, व्होल्ट आणि ऋण टोकाची दिशा नोंदवून ती यादी कंपनीच्या सेवापुस्तिकेशी रुजू करून पाहिली. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळीत विद्रावाने भिजविलेला कागद. त्याचे काम घरातल्या रांजणासारखे, नळाला पाणी हिसक्याहिसक्याने आले तरी पुढे धार एकसारखी जावी असे. विद्राव वर्षांनुवर्षे सुकत जातो, आणि उष्णतेत अधिक वेगाने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. मागचा घुमारा बहुधा याच सुकलेल्या रांजणांचा होता.

नानांचा शिरस्ता असा की, एका वेळी एकच भाग काढावयाचा आणि त्याच्या जागी दुसरा बसविल्याखेरीज पुढच्यास हात लावावयाचा नाही. मोठ्या कॅपॅसिटरांत वीज मुरून राहते, म्हणून ती आधी रोधकातून हळूहळू उतरविली. सोल्डर वितळविणाऱ्या टोकाखाली राळेचा धूर उठे, जुना सांधा चकाकून पातळ होई आणि तांब्याच्या वेणीत शोषला जाई. या क्षणी हाताने जास्त रेंगाळल्यास छापील फळीवरचा तांब्याचा पट्टा उचलला जातो, आणि नवशिका अडखळतो तो बहुधा येथेच. बटनांची खरखर मात्र स्वस्तात गेली: आत साफ करणारा फवारा मारून प्रत्येक बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत राहिले की गंज सुटतो. डाव्या आवाजाची क्षीणता हीदेखील निवडबटनाच्या मळलेल्या स्पर्शांतून आलेली निघाली. माझ्या समजुतीप्रमाणे, नवीन यंत्र घेण्याचे निर्णय जितके होतात त्यांतले पुष्कळसे अशा मळाच्या खाती जमा करावयास हरकत नाही.

पुन्हा वीज देण्यापूर्वी नानांनी यंत्राच्या मार्गात एक जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा जोडला. आत कोठे सरळ जोडणी झाली असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. २०२३ पासून या देशात घरगुती वापराचे असले दिवे विकण्यास जवळजवळ बंदीच आली आहे; म्हणून नानांनी त्यांची एक पेटी आगाऊ साठवून ठेवली होती. दिवा उजळला आणि मावळला.

यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरांची जोडी असते. लहरीचा वरचा अर्धा भाग एकाने वाहावयाचा आणि खालचा दुसऱ्याने. या दोघांच्या हातबदलाच्या वेळी, म्हणजे लहर शून्यातून जात असताना, दोघांतूनही थोडा प्रवाह चालू ठेवावा लागतो. त्यालाच बायस म्हणतात. तो कमी पडला तर लहरीस शून्यापाशी एक खाच पडते. मोठ्या आवाजात ही खाच बुडून जाते, मंद आवाजात मात्र तीच वर येते. म्हणजे नुकसान होते ते नेमके त्या पहिल्या वॅटचे. यंत्र पुरते तापल्यावर नाना मीटरची टोके लावून बसले आणि एक चिमुकला स्क्रू केसभर फिरवीत मिलिव्होल्टचा आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवू लागले.

पहिल्या जुळणीनंतर किशोरी आमोणकरांची एल.पी. लावली तेव्हा जिन्यावरून वहिनींचा आवाज आला, ‘‘अहो, तंबोऱ्याची जवारी नीट लागलेली नाही!’’ वहिनी पूर्वाश्रमी गाणे शिकलेल्या. नानांनी मीटर पाहिला, तो एका बाजूचा आकडा पुन्हा खाली सरकला होता. माझ्या कानास त्या क्षणापर्यंत काहीही खटकले नव्हते. तंबोऱ्याचा षड्ज छेडला असता त्याच्या पाचपट कंपनसंख्येचा जो स्वर त्यातून आपोआप उमटतो, त्यास आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो कानास नाजूकच लागतो, आणि यंत्राने एवढीशी विकृती मिसळली तरी पहिला बळी त्याचाच पडतो. पाश्चात्त्य परीक्षक यंत्र पारखण्यास मोठा वाद्यवृंद लावतात. आपण तंबोराच लावावा, तो अधिक कठोर परीक्षक आहे. दुसऱ्या जुळणीनंतर वहिनी खाली येऊन बसल्या, यावरून आम्ही काय ते समजलो.

यंत्र झाले तरी आवाजाचे काम संपले नाही. नानांचे स्पीकर हेन्री क्लॉसच्या ॲडव्हेंट कंपनीचे. त्यांच्या पडद्याभोवतीची फोमची कड वयाने भुगा होऊन गळत होती, ती नवी चिकटविली. मग खोलीकडे वळलो. अमेरिकन घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे तक्ते. त्यांचे घुमणे विटांच्या भिंतींहून निराळे, त्यात स्पीकर कोपऱ्यात ढकलले की खर्ज फुगतो आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच सुरात ऐकू येतो. नानांनी ते भिंतीपासून पुढे ओढले आणि बसण्याची खुर्ची धरून तिघांचा समभुज त्रिकोण केला. नंतर १९३७ साली दिवंगत झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेली एक एल.पी. त्यांनी लावली: ते मुद्रण एकाच वाहिनीचे, तेव्हा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जेथे काहीच ठेवलेले नाही अशा ठिकाणाहून यावयास हवा. तो आरंभी थोडा उजवीकडे झुकला होता. एक स्पीकर वीतभर सरकविल्यावर मध्यावर आला. या वीतभर सरकविण्यास खर्च काही आला नाही, आणि फरक मात्र मुलांच्या त्या दीड डेसिबलहून निःसंशय मोठा पडला.

हा मार्ग सर्वांनाच सांगावा असे नाही. ज्याला चित्रपटाचा चोहोबाजूंनी येणारा आवाज हवा आहे, दूरदर्शन संचाची तार थेट रिसीव्हरला जोडावयाची आहे, किंवा उघड्या यंत्रातील विजेशी खेळण्याची सवय नाही, त्याने नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे. नानांच्या जावयाने तसाच सल्ला विचारला, तेव्हा नानांनी त्याला बेताच्या वॅटचा नवा रिसीव्हर घ्यावयास सांगितले, वाचलेले पैसे स्पीकरांवर घालावयास बजावले, आणि दुकानात जाताना सोबत तंबोऱ्याचे एखादे चांगले मुद्रण न्यावे, अशी पुस्ती जोडली.