कोर्टाचं टेबल

लेखमाला : सरकारी टेबलांमागची माणसं (भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण आवक-जावक शाखेत होतो. तिथे शिक्का बसलेलं पाकीट पुढे आपापल्या संकलनाकडे जातं. गौण खनिज, भूसंपादन, कूळकायदा, आस्थापना. ज्या पाकिटावर वकिलाचं नाव किंवा न्यायालयाची मोहोर असते ते मात्र एका वेगळ्याच टेबलावर येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याला कोणी विधी कक्ष म्हणतं, कोणी नुसतं 'कोर्टाचं टेबल'. काही कार्यालयांत कंत्राटी विधी अधिकारी नेमलेला असतो. पण दाव्याचा क्रमांक, पुढची तारीख, मुदत कधी संपते, मूळ फेरफार कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे विचारायला सगळे येतात ते तिथल्या महसूल सहायकाकडे किंवा अव्वल कारकुनाकडे. तो बहुतेक वेळा कायद्याचा पदवीधर नसतो. आदेश निघाला म्हणून तो या टेबलावर आलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरकार हरतं त्यातले कितीतरी दावे न्यायाधीशांसमोर जाण्याआधी या टेबलावर हरलेले असतात. आणि कितीतरी दावे असे असतात, की पहिलं पाकीट इथे कोणी मन लावून वाचलं असतं, तर त्या माणसाला कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ते पहिलं पाकीट म्हणजे 'कलम ८०ची नोटीस'. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची आहे. फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले, ही संहिता मात्र कायम आहे. तिच्या कलम ८०नुसार सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्यानं पदाच्या नात्यानं केलेल्या कृतीबद्दल दावा लावायचा असेल, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यावर २ महिने थांबावं लागतं. तातडीचं प्रकरण असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण तो अपवाद. राज्य सरकारवरची नोटीस शासनाच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवायची असते. त्यामुळे पाटबंधाऱ्याच्या कालव्यानं शेत बुडालं, बांधकाम विभागानं रस्त्यासाठी बांध तोडला, वन विभागानं हद्द पुढे सरकवली, अशा तक्रारींच्या नोटिसाही जिल्हाधिकारी कार्यालयात येऊन पडतात. कोर्टाच्या टेबलाचं पहिलं काम म्हणजे नोटीस ज्या खात्याची आहे त्या खात्याला त्याच दिवशी पाठवणं, सोबत २ महिने कधी संपतात ती तारीख लाल शाईत लिहिणं आणि पोच घेणं. नोटीस 'आमच्या विषयाशी संबंधित नाही' म्हणून आठ दिवस पडून राहिली, तर ते आठ दिवस त्या २ महिन्यांतून गेले.

कायद्यानं हे २ महिने दिले कशासाठी? सरकारनं आपली बाजू पुन्हा तपासावी, चूक असेल तर सुधारावी आणि बरोबर असेल तर का बरोबर आहे ते सांगावं, यासाठी. प्रत्यक्षात काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात स्पष्ट नोंदवलं: बहुतेक नोटिशींना उत्तर जात नाही आणि गेलं तरी ते मोघम, टाळाटाळीचं असतं. त्याच निकालात न्यायालयानं सगळ्या सरकारांना आणि संबंधित खात्यांना सांगितलं, की अशा नोटिशींना मुदतीत, विचारपूर्वक उत्तर जाईल याची जबाबदारी असलेला अधिकारी ३ महिन्यांत नेमा. उत्तर न देणाऱ्या किंवा मोघम उत्तर देणाऱ्या सरकारवर मोठा खर्च बसवायला आणि तो संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल करायला लावायलाही न्यायालय मोकळं आहे. या निकालाला वीस वर्षं झाली. तरीही 'नोटीस प्राप्त, चौकशी सुरू आहे' एवढ्या एका ओळीची उत्तरं आजही जातात. ज्याच्या दारात ते पत्र पडतं त्याला त्यातून काहीच कळत नाही. वकिलाला मात्र कळतं, की आता दावा लावायचा.

समजा, नोटिशीत लिहिलं आहे की वडील वारले, वारसाची नोंद मंजूर आहे, तरी मोजणीच्या वेळी गटाचा काही भाग सरकारजमा दाखवला. कोर्टाच्या टेबलावरच्या लिपिकानं त्या दिवशी तलाठ्याकडून सातबारा, फेरफार आणि भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा, एवढे ३ कागद मागवून शेजारी शेजारी ठेवले, तर चूक कुणाची ते बहुधा तासाभरात दिसतं. ती सरकारची असेल तर तसं सरळ टिपणीत लिहून साहेबांपुढे ठेवायचं. याला हिंमत लागते, हे मला ठाऊक आहे. सरकारची चूक आहे असं लिहिणाऱ्या कारकुनाकडे 'तू कुणाच्या बाजूचा' अशा नजरेनं बघितलं जातं. पण तो सरकारच्याच बाजूचा असतो. दहा वर्षं चालणारा एक दावा त्यानं एका टिपणीत थांबवलेला असतो.

नोटीस देणाऱ्या वाचकांसाठीही एक सांगावंसं वाटतं. नोटिशीत गट क्रमांक, फेरफार क्रमांक, आदेशाची तारीख आणि नेमकी मागणी लिहा, कागदांच्या प्रती जोडा. रागाची चार पानं आणि मागणीची एक ओळ अशी नोटीस आली, की टेबलावरच्या माणसाला कुठला कागद शोधायचा हेच समजत नाही.

उत्तर गेलं नाही किंवा पटलं नाही, की समन्स येतं. आता घड्याळ कोर्टाचं. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची, न्यायालयानं परवानगी दिली तर ९० दिवसांपर्यंत. जिल्हा सरकारी वकील कैफियत लिहितात, पण त्यांना गावातली जमीन माहीत नसते. ती माहिती कार्यालयानं 'परिच्छेदनिहाय अभिप्राय' म्हणून पाठवायची असते. सगळे त्याला पॅरावाईज म्हणतात. या टेबलाचं खरं कसब इथे दिसतं, म्हणून जरा जवळून बघू.

दाव्याच्या परिच्छेद ३ मध्ये लिहिलंय: वादी हा मयत खातेदाराचा मुलगा असून वारस फेरफार मंजूर आहे. परिच्छेद ४: वादीचा कब्जा वडिलोपार्जित आहे. परिच्छेद ५: तहसीलदारांनी सुनावणी न देता आदेश केला. घाईचं पॅरावाईज असं येतं: 'परिच्छेद ३ ते ५ मधील मजकूर खोटा असून अमान्य आहे.' आता तो फेरफार सरकारी दप्तरातलाच आहे, मंडळ अधिकाऱ्याच्या सहीचा. वादीचा वकील त्याची नक्कल पुढे करतो आणि सरकार आपलीच सही नाकारतंय हे न्यायाधीशांना पहिल्याच दिवशी दिसतं. त्यानंतर सरकारच्या खऱ्या मुद्द्यावरही विश्वास बसणं कठीण.

उलट टोकाचीही चूक होते. संहितेच्या आदेश ८ नुसार नकार नेमका असावा लागतो. ज्या विधानाला नेमका नकार दिला नाही, ते मान्य केलं असं धरलं जातं. म्हणून 'याबाबत या कार्यालयास अभिप्राय द्यावयाचे नाहीत' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य कैफियतीत जसंच्या तसं उतरलं, तर सरकारनं एक विधान मान्य करून टाकलेलं असतं, तेही कुणाच्या ध्यानात न येता. चांगलं पॅरावाईज असं असतं: परिच्छेद ३ मान्य, फेरफार क्रमांक अमुक, प्रत पान ११ वर. परिच्छेद ४ अमान्य, सातबाऱ्याच्या इतर हक्कात अमुक सालापासून सरकारी नोंद, प्रत पान १४ वर. परिच्छेद ५ अमान्य, सुनावणीची नोटीस अमुक तारखेला बजावली, पोच पान १७ वर. आणि पोच मिळत नसेल तर तसंही लिहायचं, म्हणजे वकील भर कोर्टात तोंडघशी पडत नाहीत. नस्तीला, म्हणजे फाईलला, पृष्ठांकन का हवं, तेही इथेच कळतं.

दाव्यासोबत बहुतेक वेळा मनाई हुकुमाचा अर्ज असतो. आपल्या कोर्टांत त्याला 'निशाणी ५' म्हणतात आणि त्यावर सरकारनं 'से', म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचा असतो. तो मुदतीत गेला नाही तर सरकारचं म्हणणं न ऐकताच हुकूम होऊ शकतो. पाणीपुरवठ्याची टाकी, शाळेची खोली, रस्त्याचं काम अशा हुकुमानं वर्षानुवर्षं अडकतं. समोरच्याकडून असा अर्ज येणार अशी कुणकुण असेल तर 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असं सांगणारं कॅव्हेट दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा करावं लागतं. कॅव्हेटची वेगळी नोंदवही ठेवणारी टेबलं मी पाहिली आहेत. तिथलं काम लगेच उठून दिसतं.

आता निकाल विरुद्ध गेला असं धरू. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत करायचं. उच्च न्यायालयात दिवाणी अपिलाला ९० दिवस मिळतात. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस मोजत नाहीत. निकाल ३ जूनचा. लिपिकानं ५ जूनला नकलेचा अर्ज दिला, २० जूनला नक्कल मिळाली. ५ ते २० हे १६ दिवस वगळले, मुदत १९ जुलैपर्यंत. नक्कल हातात आल्यावर २९ दिवस शिल्लक. आता हाच अर्ज २८ जूनला दिला आणि नक्कल २ जुलैला मिळाली असं धरा. वगळायला ५ दिवस, मुदत ८ जुलैपर्यंत, हातात ६ दिवस. त्या ६ दिवसांत सरकारी वकिलांचं मत, कार्यालय प्रमुखांची शिफारस, विभागाचा प्रस्ताव आणि विधी व न्याय विभागाची मंजुरी हे सगळं व्हायचं. ते होत नाही. मग विलंब माफीचा अर्ज. दोन्ही प्रकरणांत कायदा तोच, न्यायालय तेच. फरक आहे तो नकलेचा अर्ज कुणी कोणत्या दिवशी खिडकीत सरकवला याचा.

पूर्वी सरकारचा विलंब न्यायालयं बऱ्यापैकी पोटात घालत. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका प्रकरणात ४२७ दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयानं माफ केला नाही. फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती हे कारण आता चालणार नाही, मुदत सरकारलाही बांधते, असं बजावलं. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, तेव्हा याचिका फेटाळून २५,००० रुपये भरायला लावले आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले.

विलंबाची किंमत रुपयांतच बघायची तर भूसंपादनाची जुनी प्रकरणं बघावीत. १८९४ च्या कायद्याखाली न्यायालयानं वाढवलेल्या मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज द्यावं लागतं. १० लाखांची वाढ असेल तर पहिल्या वर्षानंतर दर वर्षाला दीड लाख. निकाल मान्य करून पैसे भरायचे की अपील करायचं, हा निर्णय न घेता नस्ती दोन वर्षं पडून राहिली तर ३ लाख गेले. शेतकऱ्यालाही त्याचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत. शेवटी तो दरखास्त लावतो आणि बेलिफ खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी जप्त करायला येतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. त्या फोटोमागचा उशीर कुठल्या टेबलावर झाला, ते कुणी छापत नाही.

या टेबलाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार नेमणुकीची आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात सर्वसाधारण पदावधी ३ वर्षांचा आहे, दावा त्याहून कितीतरी जास्त चालतो. म्हणजे एका दाव्याच्या आयुष्यात तीन-चार लिपिक येऊन जातात. त्यात हे टेबल अनेकदा 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून दिलं जातं. निवडणूक लागली की तो माणूस तिकडे, नैसर्गिक आपत्ती आली की पंचनाम्यांना. कोर्टाची तारीख मात्र थांबत नाही. तारखेच्या दिवशी कार्यालयाचा कोणीच नसतो, सरकारी वकील पुढची तारीख मागतात, रोजनाम्यात 'प्रतिवादी गैरहजर' असं लागतं, आणि पुढे केव्हातरी एकतर्फा आदेश. निदान या एका टेबलावरच्या माणसाला दुसरी जबाबदारी देऊ नये आणि त्याच्या बदलीच्या वेळी नव्या माणसासोबत महिनाभर काम करायला लावावं. यासाठी नवं पद लागत नाही, कार्यालय प्रमुखाचा एक आदेश पुरतो.

एका बाबतीत मात्र या टेबलाचा त्रास अलीकडे कमी झाला आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या लिपिकांना उच्च न्यायालयात शपथपत्र दाखल करायला मूळ नस्ती पिशवीत घालून मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या या टेबलांना त्यानं मोठा दिलासा दिला आहे.

या टेबलावर नव्यानं येणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना कामाची सुरुवात कुठून करावी ते सांगतो. कार्यभार यादीवर सही करण्याआधी प्रत्येक नस्ती उघडा. दाव्याचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाका आणि तिथली पुढची तारीख नोंदवहीतल्या तारखेशी ताडून बघा. जुळत नसेल त्या नस्त्यांचा गठ्ठा वेगळा काढा. सरकारी वकिलांची हजेरी लागली आहे का, कैफियत गेली आहे का, निकाल लागून नकलेचा अर्ज राहिलाय का, हे त्या गठ्ठ्यात पहिल्या दिवशी बघा. वेगळा निघालेला तो गठ्ठा त्याच संध्याकाळी टिपणीसह साहेबांपुढे ठेवा आणि त्यांची तारखेसह सही घ्या.

पुढच्या भागात अभिलेख कक्ष: अ, ब, क, ड वर्गवारी आणि शंभर वर्षांपूर्वीचा फेरफार शोधून देणारी माणसं.