मोठ्या आतड्याच्या गाठीत शिरलेल्या पेशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या आतड्यातून किंवा गुदाशयातून काढलेली कर्करोगाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ती निव्वळ कर्करोगाच्या पेशींची नसते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, तंतुमय ऊती असते आणि शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशीही असतात. त्यांतल्या टी पेशी किती आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रोग परत उलटण्याची शक्यता बरीच सांगता येते. गेल्या वीस वर्षांत पक्क्या झालेल्या या माहितीभोवती समजुती मात्र भलत्याच रुजल्या आहेत.

गैरसमज : रिपोर्टमध्ये ‘लिम्फोसाइट्स’ लिहिले म्हणजे गाठीत पू झाला, लक्षण वाईट.

आतड्याच्या गाठीत लिम्फोसाइट (टी पेशी त्यांतल्याच) शिरलेले असणे हे बहुतेक वेळा चांगले लक्षण असते. पॅरिसमधील फ्रांक पाजेस, झेरोम गालों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या ९५९ गाठींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. ज्या गाठींत रोग आसपासच्या बारीक वाहिन्यांत आणि मज्जातंतूंत घुसू लागल्याच्या खुणा नव्हत्या, त्यांत स्मृती राखणाऱ्या टी पेशी जास्त होत्या. आणि असे रुग्ण जास्त काळ जगले. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवले की पेशींचा प्रकार, दाटी आणि जागा या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. गाठीच्या मध्यभागी आणि ती निरोगी ऊतीत घुसत असते त्या कडेला, अशा दोन्ही ठिकाणी टी पेशी दाट असतील तर भवितव्य सर्वांत चांगले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याचा दाह वर्षानुवर्षे टिकला तर कर्करोगाचा धोका वाढतो. तो दाह वेगळा आणि तयार झालेल्या गाठीवर टी पेशींनी केलेला हल्ला वेगळा.

गैरसमज : किती आयुष्य ते फक्त स्टेज ठरवते.

स्टेज म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोचली का आणि यकृत-फुप्फुसांत पसरली का, याचा हिशेब. उपचार आजही प्रामुख्याने त्यावरच ठरतात, आणि ते बरोबरच आहे. पण एकाच स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एक बरा होतो आणि दुसऱ्याचा रोग उलटतो, याचे उत्तर स्टेजमध्ये मिळत नाही. ते काही अंशी इम्युनोस्कोअर देतो. या चाचणीत सर्व टी पेशी ओळखणारी सीडी३ आणि मारक टी पेशी ओळखणारी सीडी८ अशा दोन खुणांच्या पेशी गाठीच्या मध्यात आणि कडेला संगणकाच्या साह्याने मोजतात. २०१८ साली १३ देशांतल्या २,६८१ रुग्णांवरचा पडताळा प्रसिद्ध झाला. त्यात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही सहभाग होता. पडताळ्यासाठी रुग्णांचे गट पाडले होते. त्यांतल्या पहिल्या गटात, इम्युनोस्कोअर जास्त असलेल्यांपैकी ८ टक्के, मध्यम असलेल्यांपैकी १९ टक्के आणि कमी असलेल्यांपैकी ३२ टक्के रुग्णांत पाच वर्षांच्या आत रोग परतला. हे रुग्ण पहिल्या ते तिसऱ्या स्टेजचे होते.

तरीही परदेशी आकडे जसेच्या तसे इकडच्या रुग्णाला लावू नयेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एका वर्षातल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी वय सुमारे ४७ निघाले. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा रोग. शिवाय १३ टक्के गाठी ‘सिग्नेट रिंग’ या जातीच्या होत्या, म्हणजे अधिक आक्रमक आणि तिकडे क्वचित दिसणाऱ्या. निम्म्याहून अधिक रुग्णांचे पहिले लक्षण शौचावाटे रक्त हेच होते. मूळव्याध समजून अंगावर काढले जाते ते नेमके हेच.

गैरसमज : काढे आणि गुळवेल घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली की गाठीतल्या पेशीही वाढतात.

तसा पुरावा नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या संख्येवरूनही गाठीच्या आत काय चालले आहे ते कळत नाही. टी पेशी गाठीत शिरतात त्या तिथे परकी वाटतील अशी प्रथिने सापडली तर. आणि ती तयार होणार की नाही, हे गाठीतल्या जनुकीय बिघाडांवर ठरते. उलट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, केमोथेरपी चालू असताना यकृतावर नवे ओझे टाकणे शहाणपणाचे नाही. काढा चालू असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, लपवू नये.

गाठीतल्या पेशींबद्दल आणखी एक समज असतो : प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी कर्करोगाला फितूर असतात. हेही सरसकट खरे नाही. अनेक अवयवांच्या गाठींत त्या जास्त असणे वाईट ठरते. मोठ्या आतड्यात मात्र काही अभ्यासांत उलट आढळले. तिथे जिवाणूंची सतत वर्दळ असते आणि दाह आवरणे रुग्णाच्या फायद्याचे ठरू शकते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

गैरसमज : इम्युनोथेरपी आली, आता आतड्याचा कॅन्सर इंजेक्शनने जाईल.

२०२२ साली डोस्टारलिमॅब या औषधाने गुदाशयाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या बाराही रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली, ही बातमी खरी होती. पण त्या सर्वांच्या गाठींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली होती. अशा गाठींत चुका साचत जातात, परकी प्रथिने भरपूर तयार होतात आणि टी पेशी आधीच गोळा झालेल्या असतात. औषध फक्त त्यांना अडवणारा ब्रेक काढते. मोठ्या आतड्याच्या सर्व कर्करोगांत अशा गाठी सुमारे १५ टक्के, आणि रोग पसरलेल्या रुग्णांत जेमतेम ५ टक्के. उरलेल्यांना ही औषधे एकटी दिली तर सहसा लागू पडत नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि २०२३ साली मान्यता मिळालेल्या सीएआर-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देण्याच्या) उपचाराबद्दलही अशीच विचारणा होते. तो बी पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आणि लिम्फोमासाठी आहे, आतड्याच्या गाठीसाठी नाही.

इम्युनोस्कोअर आपल्याकडे सर्रास केला जात नाही. दुरुस्ती यंत्रणा शाबूत आहे की नाही, हे मात्र एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिने तपासून कळते, आणि ही चाचणी मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत होते. दोष आनुवंशिक निघाला तर भावंडांना आणि मुलांनाही कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागू शकते. लोणावळा-औंढे भागातला रुग्ण बायोप्सीला पुण्यात आणि उपचाराला घाट उतरून टाटाच्या खारघर किंवा परळच्या रुग्णालयात, असा फिरतो; या फिरण्यात कागद सोबत येतात आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा पहिल्याच प्रयोगशाळेत राहतो. तो नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढची चाचणी त्याच्यावरच होते. म्हणून रिपोर्टबरोबर ठोकळाही मागून घ्यावा.