‘बॅन’ : एका आयरिश नामाचा विचार

आयरिश भाषेत ‘बॅन’ म्हणजे स्त्री, आणि संदर्भाने पत्नीही. अर्थाने सोपा असलेला हा शब्द वाक्यात शिरताच ओळखू येईनासा होतो. मागे निश्चयवाचक उपपद आले की आद्य ‘ब’ मृदू होऊन ‘अन व्हॅन’ असे ऐकू येते. षष्ठीच्या एकवचनी आणि प्रथमेच्या अनेकवचनी रूप होते ‘म्ना’. षष्ठीच्या अनेकवचनी मात्र ‘बन’. त्यातही उपपदानंतर ह्या ‘बन’च्या आधी ‘म’ लिहितात आणि मग ‘ब’चा उच्चारच होत नाही. डब्लिन येथे १९१४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रवादी स्त्रीसंघटनेचे नाव ‘कुमन न मन’ असे उच्चारले जाते, ते ह्याच नियमाने. त्यातील ‘मन’ कोशात शोधणाऱ्यास हाती काही लागणार नाही.

‘बॅन’ आणि ‘म्ना’ ही एकाच नामाची रूपे कशी, ह्याचे उत्तर मूळ भारत-युरोपीय भाषेत आहे. तिच्यातील ओठांच्या गोलाव्यासह उच्चारला जाणारा ‘ग’ केल्टिक शाखेत ‘ब’ झाला, आणि आयरिशमध्ये लगेच ‘न’ आला असता ‘म’. संस्कृतात त्याच वर्णाचा तालव्य स्वरापूर्वी ‘ज’ झाला, ‘न’पूर्वी ‘ग’ राहिला. म्हणून एकीकडे ‘जनि’, दुसरीकडे ऋग्वेदातील देवस्त्रीवाचक ‘ग्ना’. ‘ग्नास्पति’ ह्या वैदिक शब्दात जी जुनी षष्ठी टिकून आहे, तिचेच भावंड ‘म्ना’ होय. ग्रीक ‘ग्युने’ आणि इंग्रजी ‘क्वीन’ ही ह्याच कुळातली.

हा विचार भाषांतरकाराच्या थेट उपयोगाचा आहे. इंग्रजीवाटे आपल्याकडे आलेली ‘बॅनशी’ म्हणजे मुळात ‘बॅन शी’. ‘शी’ म्हणजे अलौकिक जनांचे वसतिस्थान मानलेले प्राचीन टेकाड. मराठीत तिच्यासाठी ‘हडळ’ हा शब्द चटकन सुचतो. पण हडळ झपाटते, आणि ही कोणाला झपाटत नाही. घराण्यातील मृत्यू जवळ आला की ती विलाप करते, एवढेच. तिला ‘हडळ’ म्हटले की शोकाच्या जागी दुष्टावा येतो आणि कथेचा भावच पालटतो. ‘टेकाडावरची बाई’ हे शब्द साधे आहेत, परंतु मूळ नामातील स्त्री त्यांत शाबूत राहते.